नवीन स्टाफ नर्ससाठी: रुजू होण्यापासून नोटीस येईपर्यंत कायद्याची जबाबदारी कशी सांभाळायची

जीएनएम किंवा बीएससीला कायद्याचा धडा असतो, पण तो परीक्षेपुरता वाचला जातो. वॉर्डात प्रश्न वेगळ्याच रूपात समोर येतात. डॉक्टरांनी फोनवर सांगितलेलं इंजेक्शन द्यायचं का? सही राहिलेला संमतीपत्राचा कागद ओटीत पाठवायचा का? पोलीस जबाब घ्यायला आले तर काय बोलायचं? महाराष्ट्रात नुकत्याच कामाला लागलेल्या सिस्टर आणि ब्रदरसाठी ही मांडणी कामाच्या क्रमाने केली आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की करून घ्या. औषध तुमच्या हातून गेलं असेल, तर त्याबद्दल तुम्हाला स्वतःला उत्तर द्यावं लागतं. "डॉक्टरांनी सांगितलं म्हणून दिलं" एवढ्यावर सुटका होत नाही. डोस चुकीचा आहे हे प्रशिक्षित नर्सला कळायला हवं होतं का, हे तपासलं जातं.

१. रुजू होण्याआधी कागद पूर्ण करा

महाराष्ट्रात नर्स म्हणून काम करायला महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी लागते. तिचा आधार महाराष्ट्र परिचारिका अधिनियम, १९६६. नोंदणीचं नूतनीकरण दर पाच वर्षांनी करावं लागतं आणि त्यासाठी सीएनईचे (नोकरीत असताना घ्यायच्या नर्सिंग शिक्षणाचे) गुण लागतात. ते शेवटच्या महिन्यात गोळा होत नाहीत, म्हणून प्रत्येक कार्यशाळेचं प्रमाणपत्र त्याच दिवशी फाइलला लावा. केरळ, कर्नाटक किंवा आणखी कुठल्या राज्याची नोंदणी असेल, तर इथल्या कौन्सिलकडे नोंदणी करून घ्या. कोल्हापूर-सिंधुदुर्गातून गोव्यात नोकरीला जाणाऱ्यांनी तिथल्या कौन्सिलचं बघावं.

जवळ ठेवायचे कागद:

- नोंदणी प्रमाणपत्र आणि चालू नूतनीकरणाची पावती
- भारतीय परिचर्या परिषदेच्या नोंदवहीतला एनयूआयडी क्रमांक
- नेमणूकपत्र आणि कामाचं स्वरूप लिहिलेला कागद (हा मागून घ्या, बहुतेक ठिकाणी आपणहून देत नाहीत)
- बीएलएस (प्राथमिक जीवनरक्षण) प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र, हिपॅटायटिस बी लसीची नोंद
- प्रत्येक महिन्याच्या ड्युटी लिस्टची प्रत
- व्यावसायिक दायित्व विम्याची पॉलिसी

रुग्णालयाला मूळ प्रमाणपत्रं दाखवा आणि परत घ्या, जमा करू नका. नोकरी सोडताना ती अडवून ठेवल्याच्या तक्रारी नेहमीच्या आहेत.

नूतनीकरण संपलेलं असताना काम करत राहणं हा सर्वात स्वस्तात टाळता येणारा धोका आहे. त्या काळात काही घडलं, तर काळजी घेतली होती की नव्हती हा प्रश्न मागे पडतो आणि तुम्हाला काम करण्याचा हक्क होता का, इथूनच उलटतपासणी सुरू होते. विमा कंपनीही हात वर करू शकते.

२. जबाबदारी चार ठिकाणी ठरते

एकाच घटनेवरून चार वेगवेगळ्या चौकश्या सुरू होऊ शकतात. एकीत सुटलात म्हणून दुसरीत सुटाल असं नाही.

*ग्राहक आयोग.* सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता या निकालात वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आणली. सर्वच रुग्णांना मोफत सेवा देणारी रुग्णालयं त्यातून बाहेर आहेत. काहींकडून पैसे घेणारी आणि काहींना फुकट तपासणारी मात्र पूर्णपणे आत आहेत. तक्रारीची मुदत दोन वर्षांची.

इथे भरपाई बहुधा रुग्णालयावर पडते, कारण कर्मचाऱ्याच्या चुकीला मालक जबाबदार असतो. स्प्रिंग मेडोज हॉस्पिटल प्रकरण (निकाल १९९८) प्रत्येक नर्सने समजून घ्यावं असं आहे. टायफॉइड असलेल्या एका मुलाला नर्सने क्लोरोक्विनचं इंजेक्शन शिरेतून दिलं. हृदय बंद पडलं आणि मेंदूला कायमची इजा झाली. मुलाला साडेबारा लाख आणि आईवडिलांना पाच लाख रुपये मंजूर झाले. नर्स पात्र नव्हती हे रुग्णालयाच्या विरोधात गेलंच, शिवाय हे इंजेक्शन डॉक्टरांनी स्वतः न देता नर्सवर सोडलं हाही दोष धरला गेला. म्हणून "हे तूच देऊन टाक" असं कुणी म्हटलं, की हे काम नर्सवर सोपवता येतं का, हा प्रश्न आधी विचारा.

*फौजदारी.* १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. निष्काळजीपणाने मृत्यू झाल्यास कलम १०६(१) लागतं आणि शिक्षा पाच वर्षांपर्यंत आहे. वैद्यकीय प्रक्रिया करताना नोंदणीकृत डॉक्टरकडून असं घडलं, तर ती मर्यादा दोन वर्षं आहे. बऱ्याच नर्सना वाटतं की ही सवलत आपल्यालाही आहे. ती नाही. कलमातली व्याख्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्याखालची पात्रता आणि वैद्यकीय नोंदवहीतलं नाव मागते, त्यात नर्सिंग कौन्सिलची नोंदणी बसत नाही. मृत्यू न होता इजा झाली, तर कलम १२५: साधी इजा असेल तर सहा महिन्यांपर्यंत, गंभीर असेल तर तीन वर्षांपर्यंत.

फौजदारी खटल्यात साधी चूक पुरत नाही, ढोबळ निष्काळजीपणा दाखवावा लागतो. हे २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालाने ठरवलं. तपास अधिकाऱ्याने स्वतंत्र तज्ज्ञाचं मत घ्यावं आणि ऊठसूट अटक करू नये, हेही त्यातच आहे. तो निकाल डॉक्टरच्या खटल्यातला असला, तरी नर्सच्या वकिलाला त्याचा आधार घेता येतो.

*कौन्सिल* नोंदवहीतून नाव काढू शकतं. *नोकरी देणारा* खातेनिहाय चौकशी लावतो. सरकारी सेवेत ती महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, १९७९ प्रमाणे चालते.

३. ऑर्डर घेताना

ऑर्डर लेखी हवी. त्यात औषधाचं नाव, डोस, मार्ग, वेळ, तारीख आणि डॉक्टरची सही असावी. यातलं एकही राहिलं असेल तर अंदाजाने भरू नका. "रिपीट ऑल" किंवा "सीटी ऑल" (आधीचं सगळं तसंच चालू) एवढ्यावर औषध चालू ठेवणं हा सापळा आहे. शस्त्रक्रियेनंतर किंवा आयसीयूतून वॉर्डात आल्यावर ऑर्डर नव्याने लिहून घ्या.

तोंडी ऑर्डर फक्त तातडीच्या प्रसंगी घ्या, आणि ती अशी:

1. ऐकता ऐकता लिहा, आठवणीतून नंतर लिहू नका.
2. लिहिलेलं डॉक्टरांना परत वाचून दाखवा. डोस आकडा-आकडा करून म्हणा: "पंधरा, एक पाच". फिफ्टीन आणि फिफ्टीची गफलत अशीच टळते.
3. शक्य असेल तर दुसऱ्या सिस्टरला फोन ऐकू द्या आणि तिचं नाव नोंदवा.
4. वेळ, डॉक्टरांचं नाव आणि "फोनवर, वाचून दाखवली" असं लिहा.
5. रुग्णालयाच्या धोरणात दिलेल्या मुदतीत सही घ्या. बहुतेक ठिकाणी ती २४ तासांची असते.

व्हॉट्सॲपवर आलेली ऑर्डर याच पद्धतीने ऑर्डर शीटवर उतरवा. मोबाइलमधला मेसेज केस पेपरला लागत नाही, आणि डॉक्टरने तो पुसला की तुमच्या हातात काही राहत नाही.

डोस पटत नसेल तर औषध थांबवा, विचारा आणि लिहा: "डोसबद्दल विचारणा केली, डॉ. ... यांनी कायम ठेवला." तरीही तो स्पष्ट धोकादायक वाटत असेल, तर देऊ नका. इन्चार्ज सिस्टर आणि वरिष्ठ डॉक्टरांना कळवा. यात उद्धटपणा काही नाही, तुमचं हेच काम आहे.

"सीपीआर करायचा नाही" ही ऑर्डर कधीही तोंडी घेऊ नका. जीवनरक्षक उपचार थांबवण्यासाठी सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये पद्धत ठरवली आणि २०२३ मध्ये ती सोपी केली. तिच्यात वैद्यकीय मंडळं आहेत आणि लेखी नोंदी आहेत. दारात उभ्या नातेवाइकाने मान हलवली, एवढ्यावर हे होत नाही.

४. औषध देताना: जिथे माणसं दगावतात त्या जागा

योग्य रुग्ण, औषध, डोस, मार्ग, वेळ हे सगळ्यांना पाठ असतं. प्रकरणं होतात ती पुढच्या ठरावीक जागी.

*इन्सुलिन.* आपल्याकडे ४० युनिट आणि १०० युनिट प्रति मिली अशा दोन ताकदींचं इन्सुलिन मिळतं आणि सिरिंजही दोन: लाल टोपणाची ४० ची, केशरी टोपणाची १०० ची. पेनचं काडतूस १०० चं असतं. पेन बिघडलं म्हणून त्यातून लाल टोपणाच्या सिरिंजने १० च्या खुणेपर्यंत ओढलं, तर ते पाव मिली होतं, म्हणजे २५ युनिट. अडीच पट डोस गेला आणि चार्टवर मात्र १० लिहिलेले. व्हायलचा आकडा आणि सिरिंजचा आकडा जुळवल्याशिवाय ओढू नका.

*पोटॅशियम क्लोराइड.* १० मिलीच्या अँप्यूलमध्ये २० मिलीइक्विव्हॅलंट असतं. ते थेट शिरेत ढकललं तर हृदय बंद पडतं. डिस्टिल्ड वॉटरच्या अँप्यूलसारखंच ते दिसतं, म्हणून वॉर्डाच्या ट्रेमध्ये ते ठेवूच नका. वेगळा डबा, लाल लेबल, आणि सलाईनमध्ये मिसळताना दोन सह्या. मिसळल्यावर बाटली नीट उलटीसुलटी करून हलवा, नाहीतर ते तळाशी बसतं आणि सुरुवातीलाच जोरात जातं.

*कुल्ल्यातलं इंजेक्शन.* सायाटिक मज्जातंतूला इजा झाली, की पाऊल लुळं पडतं आणि ते रुग्णाला आयुष्यभर दिसत राहतं. वरचा-बाहेरचा चतुर्थांश तरी पक्का करा, शक्य तिथे व्हेंट्रोग्लुटिअल (कमरेच्या बाजूची) जागा निवडा. टोचताना पायात झटका गेल्याचं रुग्ण म्हणाला तर तिथेच थांबा, सुई काढा, डॉक्टरांना बोलवा. कुठली बाजू, कुठली जागा, हे नोंदवा. "आयएम दिलं" एवढं पुरत नाही.

*रक्त.* पिशवी, केस पेपर आणि मनगटाची पट्टी दोघांनी रुग्णाशेजारी उभं राहून ताडायची. टेबलावर ताडून नंतर एकटीने लावायला जाणं म्हणजे न ताडल्यासारखंच. पहिली १५ मिनिटं रुग्णाजवळ राहा. पिशवी चार तासांत संपली पाहिजे. काही रिॲक्शन आली तर रक्त बंद करा, सुई चालू ठेवा, पिशवी आणि सेट फेकू नका.

*मॉर्फिन, फेंटानिल.* कुलूप, रजिस्टर, उरलेलं औषध साक्षीदारासमोर टाकणं. एका अँप्यूलचा हिशेब लागला नाही, तरी तो अमली पदार्थांच्या कायद्याचा विषय होऊ शकतो. चावी ओव्हर देताना (पुढच्या ड्युटीकडे सोपवताना) मोजणी करूनच द्या.

ज्युनिअरला किंवा मावशींना औषध "फक्त टोचून ये" म्हणून पाठवू नका. जे तुम्ही भरलं नाही ते देऊ नका, आणि जे तुम्ही दिलं नाही त्यापुढे सही करू नका.

५. नोंदी

खटला उभा राहीपर्यंत दोन-तीन वर्षं जातात. तेव्हा ना तुम्हाला तो रुग्ण आठवतो, ना साक्षीदार सिस्टर त्या रुग्णालयात उरलेली असते. शिल्लक राहतो तो कागद, आणि आयोग त्यावरूनच ठरवतो.

"रुग्ण बरा आहे, तक्रार नाही" ही नोंद निरुपयोगी आहे. तिच्याऐवजी असं लिहा: "०२:१०. रुग्णाला धाप. श्वास ३२, ऑक्सिजन ८८ टक्के, बीपी ९०/६०. डोकं वर केलं, मास्कने ऑक्सिजन ६ लिटर. ०२:१३ आरएमओ डॉ. ... यांना फोन, वरील आकडे सांगितले. ०२:२५ डॉक्टर बेडजवळ." नियम मोजकेच आहेत:

- वेळ २४ तासांच्या घड्याळाची. शेवटी सही, पूर्ण नाव आणि नोंदणी क्रमांक.
- चूक झाली तर एकच आडवी रेघ, शेजारी सही आणि वेळ. व्हाइटनर नको, पान फाडणं नको.
- राहिलेली नोंद मागच्या ओळींत कोंबू नका. "उशिरा केलेली नोंद" असं लिहून खरी वेळ टाका.
- दोन नोंदींमध्ये रिकामी ओळ ठेवू नका.
- डॉक्टर आले नाहीत तर "डॉक्टर बेजबाबदार" असं लिहू नका. किती वाजता फोन केला, उचलला का, नंतर कुणाला केला, एवढंच.

सर्वात मोठा सापळा म्हणजे आगाऊ भरलेला चार्ट. नाइटला चार वाजता सहाचं टीपीआर-बीपी (ताप, नाडी, श्वास आणि रक्तदाब) लिहून ठेवायचं ही सवय अनेक वॉर्डांत आहे. रुग्ण पाच वाजता दगावला, तर सहा वाजताचं बीपी तुमच्याच अक्षरात, तुमच्याच सहीने उभं राहतं. त्यानंतर तुमच्या बाकीच्या खऱ्या नोंदींवरही कुणी विश्वास ठेवत नाही. मॉनिटरची स्मृती आणि सीसीटीव्ही दोन्हीत वेळा असतात. घटनेनंतर कागद बदलणं हा तर स्वतंत्र गुन्हा आहे, आणि मूळ चुकीपेक्षा जड पडतो.

कूस बदलल्याची वेळ, बेडचे कठडे वर केल्याची नोंद, सलाईनच्या जागेची पाहणी या गोष्टी क्षुल्लक वाटतात. बेडसोर आणि पडझडीच्या तक्रारी नेमक्या इथेच जिंकल्या किंवा हरल्या जातात.

रुग्णाने रेकॉर्ड मागितलं तर ७२ तासांत प्रत द्यावी लागते, पण ती रेकॉर्ड विभागामार्फत, अर्ज घेऊन. नातेवाइकाला वॉर्डात फोटो काढू देणं किंवा अरेरावी करून कागद हिसकावून घेणं, दोन्ही टाळा. अर्ज कुठे द्यायचा ते नम्रपणे सांगा.

६. ओव्हर आणि माणसं कमी असताना

ओव्हर बेडजवळ उभं राहून द्या-घ्या. चालू सलाईनचा वेग, प्रलंबित रिपोर्ट, ॲलर्जी आणि धोक्यातले रुग्ण हे चार मुद्दे लेखी हवेत. पुढची सिस्टर आली नाही म्हणून वॉर्ड सोडून गेलात, तर रुग्णाला वाऱ्यावर सोडल्याचा ठपका तुमच्यावर येतो. मेट्रनना कळवा, कळवल्याची वेळ लिहा आणि बदली येईपर्यंत थांबा.

एका नाइटला तीस-चाळीस रुग्ण एकटीवर असणं अनेक ठिकाणी रोजचं आहे, आणि ते अन्यायाचं आहे. गप्प राहून ते ओढलंत, तर चूक एकटीची ठरते. "आज वॉर्डात इतके रुग्ण, इतके गंभीर, मी एकटी, मदत हवी" असं दोन ओळींचं पत्र मेट्रनना द्या आणि पोच घ्या. ते आधी दिलेलं असेल तर चौकशीत प्रश्न व्यवस्थापनाला विचारला जातो.

७. संमती

शस्त्रक्रिया समजावून सांगणं डॉक्टरचं काम आहे. समीरा कोहली निकालाने (२००८) संमती त्या विशिष्ट उपचारापुरतीच असते हे पक्कं केलं. तुम्ही साक्षीदार म्हणून सही करता ती रुग्णाने तुमच्यासमोर सही केली याची. म्हणून समोर नसलेल्या सहीला साक्ष देऊ नका आणि कोऱ्या फॉर्मवर अंगठा घेऊ नका. प्रीमेडिकेशन (शस्त्रक्रियेआधीचं गुंगीचं औषध) देण्याआधी संमतीपत्र तपासा, गुंगीतल्या माणसाची सही टिकत नाही. शुद्धीवर असलेल्या सज्ञान बाईची सही तिचीच हवी, नवऱ्याची किंवा सासऱ्याची नव्हे. गर्भपाताला १८ वर्षांवरील स्त्रीची स्वतःची संमती पुरते.

बिलासाठी रुग्णाला किंवा मृतदेहाला अडवून ठेवायला सांगितलं, तर तुम्ही दार अडवू नका. रुग्णाला बेकायदा डांबून ठेवणं हा गुन्हा आहे आणि वरिष्ठांच्या आदेशाने तो माफ होत नाही.

८. एमएलसी (पोलिसांना कळवायची प्रकरणं) आणि गोपनीयता

अपघात, भाजणं, विषबाधा, मारहाण, संशयास्पद मृत्यू, लैंगिक अत्याचार असेल तर उपचार आधी, पोलिसांना कळवल्याची नोंद लगेच. लैंगिक अत्याचार किंवा ॲसिड हल्ल्यातल्या व्यक्तीला सरकारी-खासगी कुठल्याही रुग्णालयाने मोफत उपचार द्यायचे असतात. नाकारल्यास एक वर्षापर्यंत कैद आहे.

कपडे कापताना चाकूच्या किंवा गोळीच्या भोकातून कापू नका. धुऊ नका, सावलीत वाळवून कागदी पिशवीत ठेवा. प्लॅस्टिकमध्ये बुरशी येते आणि पुरावा जातो. पिशवीवर नाव, एमएलसी क्रमांक, वेळ, सही, आणि पोलिसांना दिल्याची पोच. जठर धुतल्याचा पहिला नमुना फेकू नका. दागिन्यांची यादी दोन साक्षीदारांसमोर करा आणि "सोन्याची साखळी" ऐवजी "पिवळ्या धातूची साखळी" असं लिहा.

मुलगी १८ वर्षांखालची आणि गरोदर असेल, तर लग्न झालेलं असो वा नसो, पोक्सोखाली (बाल लैंगिक अत्याचारविरोधी कायद्याखाली) कळवणं बंधनकारक आहे. "घरच्यांची इच्छा नाही" म्हणून गप्प बसल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. प्रसूती वॉर्डात वयाचा पुरावा बघायची सवय म्हणूनच लावून घ्या.

एचआयव्ही असल्याचं बेडवरच्या पाटीवर, फाइलच्या दर्शनी भागावर किंवा ओव्हर देताना मोठ्याने सांगणं २०१७ च्या कायद्याविरुद्ध आहे. गर्भपात केलेल्या स्त्रीची माहिती उघड केल्यास एक वर्षापर्यंत शिक्षा आहे. वॉर्डातला सेल्फी टाकताना मागे रुग्ण दिसतोय का, हा प्रश्न याच जातीचा.

९. चूक घडलीच तर

1. रुग्णाकडे आधी बघा, डॉक्टरांना तत्काळ सांगा. लपवल्याने उताराची वेळ निघून जाते.
2. अँप्यूल, व्हायल, सिरिंज, सेट वेगळे ठेवा. बॅच क्रमांक नोंदवा.
3. केस पेपरवर फक्त घटना: काय दिलं, किती, कधी, रुग्णाची स्थिती, कुणाला कळवलं.
4. घटनेचा अहवाल रुग्णालयाच्या नमुन्यात, त्याच ड्युटीत द्या. प्रत ठेवा.
5. दुसऱ्याने सांगितलेला किंवा कोरा खुलासा सही करून देऊ नका. "एवढ्यावर मिटेल" म्हणून घेतलेला कबुलीजबाब पुढे रुग्णालयाच्या बचावाचा कागद होतो.

जमाव अंगावर आला तर सुरक्षित जागी जा. २०१० च्या महाराष्ट्राच्या कायद्याने नोंदणीकृत नर्सवर हल्ला करणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपर्यंत दंड आहे, आणि गुन्हा अजामीनपात्र आहे. तक्रार रुग्णालयाच्या वतीने नोंदवायला लावा.

१०. नोटीस किंवा पोलीस आल्यावर

साक्षीदार म्हणून जबाब घ्यायचा असेल, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७९ प्रमाणे स्त्रीला तिच्या राहत्या जागेव्यतिरिक्त कुठे बोलावता येत नाही. जबाब खरा द्यावा लागतो, पण स्वतःवर गुन्ह्याचा आरोप येईल अशा प्रश्नाचं उत्तर देणं बंधनकारक नाही. पोलिसांनी लिहून घेतलेल्या जबाबावर सही करायची नसते. कलम ३५(३) ची नोटीस मात्र वेगळी: ती तुमच्याविरुद्ध संशय असतानाची आहे. ती टाळू नका, दिलेल्या तारखेला वकिलासह हजर राहा.

ग्राहक आयोगाची नोटीस आली की पोचल्याची तारीख पाकिटावरच लिहा. उत्तराला ३० दिवस आणि फार तर आणखी १५ दिवस मिळतात. त्यापुढे आयोगालाही मुदत वाढवता येत नाही. "रुग्णालयाचा वकील बघेल" म्हणून बसू नका. त्याचं अशील रुग्णालय आहे, आणि दोष नर्सवर ढकलणं रुग्णालयाच्या सोयीचं ठरू शकतं. तुमचं नाव प्रतिपक्षात असेल तर स्वतंत्र वकीलपत्र द्या आणि विमा कंपनीला लगेच लेखी कळवा.

विम्याबद्दल एवढं ध्यानात ठेवा: व्यावसायिक दायित्वाची पॉलिसी सहसा घटनेच्या नव्हे, तर दावा आला त्या वेळी चालू असावी लागते. शिवाय घटना पॉलिसीतल्या पूर्वलक्षी तारखेनंतरची (ज्या तारखेपासूनच्या घटना विम्यात धरल्या जातात तिच्यानंतरची) हवी. नोकरी बदलली, बाळंतपणासाठी घरी बसलात किंवा परदेशी गेलात आणि हप्ता बंद केलात, तर मागच्या कामावर आलेला दावा उघड्यावर पडतो. शेवटच्या ड्युटीनंतर निदान दोन-तीन वर्षं ती खंड न पाडता चालू ठेवा, आणि कंपनी बदलताना जुनी पूर्वलक्षी तारीख नव्या पॉलिसीवर छापून घ्या.